गाय आली, अर्थ कुठून आला?

घरातला एक जाणता माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण.’ दुसरा उठतो, गोठ्यात जातो आणि गाय घेऊन येतो. शेजारी एक मूल बसले आहे. त्याला अजून भाषा येत नाही. कानांवर काही आवाज पडले आणि एक जनावर अंगणात आले, एवढेच त्याच्या पदरात. थोड्या वेळाने पहिला म्हणतो, ‘गाय बांध.’ गायीला दावे लागते. मग ‘घोडा आण.’ आता जनावर वेगळे, पण आणण्याचे काम तेच. असे पुष्कळदा घडले की मुलाचा हिशेब जुळत जातो: हा आवाज बदलला की जनावर बदलते, तो बदलला की काम बदलते.

मीमांसकांनी या प्रसंगाला वृद्धव्यवहार असे नाव दिले. यातला ‘वृद्ध’ म्हणजे म्हातारा नव्हे, भाषा येणारा माणूस. सांगणारा तो उत्तमवृद्ध, ऐकून करणारा तो मध्यमवृद्ध. वाक्यातला एक शब्द काढून त्या जागी दुसरा घालण्याला आवापोद्वाप म्हणतात. भाषेला अर्थ कसा येतो, या प्रश्नाची भारतीय चर्चा कितीही सूक्ष्मात शिरली तरी फिरून या अंगणात येते. पुढील प्रकरणांची मांडणीही या प्रसंगाच्या आधारानेच केली आहे. कालक्रमाने केली असती तर ग्रंथांची जंत्री झाली असती, आणि तशा जंत्र्या आपल्याकडे पुरेशा आहेत.

मुलाने पहिल्यांदा ‘गाय आण’ ऐकले तेव्हा त्याला नेमके काय कळले? ‘गाय’ म्हणजे काय हे नक्कीच नाही, कारण आवाजाचा कोणता तुकडा जनावराचा आणि कोणता क्रियेचा, हे कळायला त्याच्याकडे काही साधन नाही. कळले असेल तर सगळ्या वाक्याचे मिळून एक काम कळले. सातव्या शतकाच्या सुमाराचे प्रभाकर हा धागा धरतात. त्यांचे म्हणणे असे की शब्दाचा अर्थ आपण कधीच सुटा शिकत नाही. तो कशाशी तरी जोडलेला असतानाच शिकतो, आणि तो जोडलेपणा त्याच्या अर्थातच मुरलेला राहतो. ‘गाय’ हा शब्द आणली जाणारी, बांधली जाणारी, दोहली जाणारी गाय सांगतो, नुसती गाय कधीच सांगत नाही. या मताला अन्विताभिधानवाद म्हणतात. प्रभाकरांचे प्रमुख भाष्यकार शालिकनाथ यांनी प्रकरणपञ्चिकेत ते तपशिलाने मांडले.

त्याच शतकातले कुमारिल भट्ट याच्या उलट टोकाला उभे. शब्द आधी आपापला अर्थ सांगतात, मग ते अर्थ एकमेकांशी जुळतात आणि वाक्यार्थ उभा राहतो, हा अभिहितान्वयवाद. कुमारिलांच्या बाजूचा बिनतोड मुद्दा अगदी घरगुती आहे. कोणी ‘निळी गाय जिना चढते’ असे म्हणाले, तर हे वाक्य तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच ऐकता आणि तरीही ते तुम्हाला तत्क्षणी कळते. जोडलेपणा शब्दाच्या अर्थातच असेल, तर पूर्वी कधी न झालेली ही जोडणी कळली कशी? आणि असंख्य जोडण्या आधीच शब्दात भरलेल्या असतील, तर ‘गाय’ हा एक शब्द शिकायलाच जन्म पुरायचा नाही. प्रभाकरपक्षाकडे यावर उत्तर आहे. अपुरे आहे असे माझे मत, पण ते पुढे वाचकाने स्वतः तपासावे.

प्रभाकरांना इतके दूर जावे का लागले, हे त्यांचा हेतू पाहिल्याशिवाय कळत नाही. मीमांसकांचे मूळ काम वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचे. ‘यज्ञ करावा’ अशा वाक्यातून माणसाला काम कसे लागते, हा त्यांचा प्रश्न. म्हणून प्रभाकरांनी असेही म्हटले की भाषा मुळात आज्ञेतूनच शिकली जाते, नुसत्या माहितीच्या वाक्यातून नाही. आज्ञा झाली की कोणी तरी हलते, आणि ते हलणे मुलाला दिसते. माहिती सांगितली तर दिसणार काय?

वेदान्त्यांना हे परवडणारे नव्हते. उपनिषदे ब्रह्म आहे असे सांगतात, काही आणायला किंवा बांधायला सांगत नाहीत. म्हणून त्यांनी वेगळे उदाहरण पुढे केले. निरोप्या येऊन चैत्राला सांगतो, ‘तुला मुलगा झाला.’ चैत्राचा चेहरा फुलतो. बघणारा समजतो की या शब्दांचा अर्थ मुलगा होणे. प्रभाकरपक्ष लगेच विचारतो: आनंद मुलाचाच कशावरून? बायको सुखरूप सुटली याचा असेल, मूल शुभ लग्नावर जन्मले याचा असेल. आनंदाची कारणे दहा असतात. यावर तेराव्या शतकातल्या चित्सुखाचार्यांनी दिलेले उत्तर मला या साऱ्या वाङ्मयातले सर्वांत लोभस वाटते. बघणाऱ्याने चैत्राच्या घरचा जन्म आधीच पाहिला आहे असे धरा, आणि तो निरोप्यासोबत चैत्राकडे चालला आहे. निरोप्याच्या हातात एक वस्त्र आहे, त्यावर नवजात बाळाच्या पावलाचा ठसा. आता इतर कारणे गळतात आणि एकच उरते. एका आनंदी चेहऱ्यावरून अर्थ पक्का करायला किती बाहेरची सामग्री लागते, हे या ठशाच्या वस्त्राने स्पष्ट होते. वाद जिंकला कोणी, हा भाग वेगळा.

हाच पेच विसाव्या शतकात अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइनने १९६० सालच्या ‘वर्ड अँड ऑब्जेक्ट’ या पुस्तकात घातला. अनोळखी भाषेच्या प्रदेशात गेलेला भाषाभ्यासक एक ससा धावताना पाहतो, आणि स्थानिक माणूस ‘गवगाई’ म्हणतो. अभ्यासक वहीत लिहितो: गवगाई म्हणजे ससा. पण ते ‘सशाचे न सुटलेले अवयव’ किंवा ‘सशाची एक क्षणिक अवस्था’ कशावरून नाही? बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही, कारण सशाकडे बोट केले की अवयवांकडेही होते आणि अवस्थेकडेही. आपल्याकडेही असाच पेच निघाला होता: न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ‘गाय’ हा शब्द एका विशिष्ट गायीला लागतो, तिच्या आकाराला लागतो की गायपणाच्या जातीला, यावर सविस्तर चर्चा आहे. मीमांसक जातीच्या बाजूचे. नैयायिक म्हणाले, तिन्ही मिळून. प्रसंग सारखा असूनही प्रश्नाची धार वेगळी आहे, एवढे इथे नोंदवतो. क्वाइनला हवे होते ते हे, की यातले खरे उत्तर कोणते हे ठरवणारी वस्तुस्थितीच नसते. आपल्या कोणत्याही दर्शनाने इतके टोक गाठलेले नाही, आणि गाठले नाही म्हणून त्यांचे काही बिघडले असेही मला वाटत नाही.

इथे एक पथ्य सांगून टाकतो. पाश्चात्त्यांनी आज सांगितलेले आमच्या ऋषींनी आधीच सांगून ठेवले होते, असे म्हणण्याची हौस आपल्या वाचकांना आणि त्याहून जास्त वक्त्यांना असते. ते म्हणणे दोन्ही बाजूंच्या कामावर पाणी ओतते. कुमारिलांना वेदाचे अपौरुषेयत्व टिकवायचे होते. जर्मन गणितज्ञ फ्रेगेला अंकगणिताचा पाया तर्कशास्त्रात शोधायचा होता. वाटा वेगळ्या असून एकाच अडचणीवर ठेचकाळतात, तेव्हा ती अडचण खरी असते. साम्याचा उपयोग एवढाच.

फ्रेगेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १८८४ सालच्या अंकगणिताच्या पायाभूत तत्त्वांवरच्या पुस्तकात त्याने नियम घातला, की शब्दाचा अर्थ सुटा विचारू नये, वाक्याच्या संदर्भातच विचारावा. हे प्रभाकरांच्या अंगाने जाणारे बोलणे. पण त्याच फ्रेगेने पुढे हेही सांगितले, की मूठभर घटकांपासून भाषा असंख्य विचार व्यक्त करते ते विचाराचे भाग आणि वाक्याचे भाग एकमेकांशी जुळतात म्हणून. हे कुमारिलांच्या अंगाने जाणारे. म्हणजे मीमांसेच्या दोन शाळा एकाच जर्मन गणितज्ञाच्या डोक्यात शेजारी नांदत होत्या. त्याच्या अभ्यासकांत या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा यावर आजही एकमत नाही. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या जयंत भट्टांनी न्यायमंजरीत असाच समेट करू पाहिला. शब्द आपापला अर्थ सांगतात हे खरे, पण सांगतात ते मिळून काम करताना, आणि हे मिळून काम करणे त्यांच्या तात्पर्यशक्तीमुळे होते, असे त्यांचे म्हणणे.

फ्रेगेचा १८९२ सालचा निबंध जास्त गाजलेला आहे. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा एकच, दोन्ही शुक्र. तरीही ‘पहाटेचा तारा तोच संध्याकाळचा तारा’ हे वाक्य नवी माहिती देते आणि ‘शुक्र तोच शुक्र’ देत नाही. म्हणून निर्देशित वस्तू वेगळी आणि ती ज्या रीतीने समोर येते ती रीत वेगळी, असा भेद त्याने केला. पुढे १९०५ मध्ये रसेलने ‘फ्रान्सचा सध्याचा राजा’ यासारख्या, मागे कोणीच नसलेल्या शब्दप्रयोगांचा गुंता सोडवला. आपल्याकडे उदयनाचार्यांसमोर ‘सशाचे शिंग नाही’ हे वाक्य होते. नसलेल्या शिंगाबद्दल बोलता कसे येते? उदयनांनी वाक्य उलगडले: ससा आहे, शिंगेही इतरत्र आहेत, सशाच्या ठायी शिंग नाही, एवढेच म्हणायचे आहे. रसेलची युक्ती वेगळी, पण वाक्याचे वरचे रूप फसवे असते, हा संशय दोघांचा एकच.

नावांच्या प्रश्नात नैयायिक अधिक मोकळे होते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध कोणी केलेला नाही, तो मूळचाच, असे मीमांसेचे सूत्रकार जैमिनी मानतात. अपौरुषेय वेदाचा अर्थ माणसाच्या ठरावावर टांगता येत नाही, म्हणून त्यांना ते मानावेच लागते. नैयायिकांच्या मते संबंध संकेताने ठरतो, आणि जुन्या नैयायिकांच्या मते तो संकेत ईश्वराचा. मग बाळाच्या नावाचे काय? ते तर आईबापांनी कालच ठेवले. विश्वनाथ पंचाननांची सतराव्या शतकातली सिद्धान्तमुक्तावली यावर सांगते, की अकराव्या दिवशी बापाने नाव ठेवावे असे शास्त्रवचन आहे, तेव्हा त्या नावामागेही ईश्वरेच्छा आलीच. नव्य नैयायिकांना ही कसरत पटली नाही. इच्छा पुरे, ती ईश्वराचीच असायला हवी असे नाही, असे ते म्हणाले आणि मोकळे झाले. त्यामुळे एखाद्या शास्त्रकाराने आज बनवलेली परिभाषाही अर्थवान ठरली.

बारशाचा हाच मुद्दा सॉल क्रिप्कीने १९७० साली प्रिन्स्टनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत आला. नाव एकदा ठेवले जाते, मग एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि त्या साखळीमुळे ते त्याच माणसाला लागत राहते. नागेश भट्टांबद्दल तुम्हाला ‘कोणी तरी जुने व्याकरणकार’ यापलीकडे काही ठाऊक नसले, तरी ते नाव तुम्ही उच्चारलेत की बोलता नागेश भट्टांबद्दलच. हिलरी पटनमने १९७५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. खरे सोने आणि मुलामा यांतला फरक आपल्यापैकी बहुतेकांना करता येत नाही, तरी ‘सोने’ हा शब्द आपण बिनदिक्कत वापरतो, कारण पारख करणारा सराफ समाजात कुठे तरी बसलेला आहे. अर्थ एकाच्या डोक्यात मावत नाही, तो समाजात वाटून ठेवलेला असतो, हा पटनमचा दावा. शब्द बोलणाऱ्याच्या मनातल्या कल्पनेचे चिन्ह असतो असे सतराव्या शतकात सांगणाऱ्या जॉन लॉकपासून हे अंतर बरेच मोठे आहे.

पतंजलींना हा सामाजिक अंश दोन हजार वर्षांपूर्वी दिसला होता. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात ते म्हणतात, की घडा हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन घडा करायला सांगतो. शब्द वापरायचे आहेत म्हणून व्याकरणकाराच्या घरी जाऊन ‘शब्द करून दे’ असे कोणी म्हणत नाही. माणसे अर्थ मनात आणतात आणि शब्द वापरून मोकळी होतात. व्याकरणकाराचे काम त्या वापराला नियम लावण्याचे. स्वतःच्या शास्त्राबद्दल इतके नेमके आणि विनम्र विधान मला दुसरे आढळलेले नाही.

वापराचा विषय निघाला की विट्गेन्स्टाइन येतो, आणि तो सरळ आपल्या अंगणातच येतो. मृत्यूनंतर १९५३ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या पुस्तकाची सुरुवात संत ऑगस्टीनच्या एका उताऱ्याने होते. मोठी माणसे वस्तूचे नाव घेत आणि तिच्याकडे वळत, त्यावरून आपण नावे शिकलो, असे ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिले होते. विट्गेन्स्टाइन विचारतो, हे चित्र कोणत्या भाषेला लागू पडेल? आणि एक लहानशी भाषा रचतो. गवंडी आणि त्याचा हाताखालचा माणूस. शब्द चारच, ठोकळा, खांब, फरशी, तुळई. गवंडी ‘फरशी!’ म्हणतो, दुसरा फरशी आणतो. उत्तमवृद्ध, मध्यमवृद्ध आणि एक हुकूम. फक्त बघणारे मूल या बांधकामावर नाही. पुढे विट्गेन्स्टाइन दाखवतो, की बोट दाखवून नाव सांगणेसुद्धा ज्याला नावांचा खेळ आधीच येतो त्यालाच कळते. तेव्हा नाव हा भाषेचा आरंभ होऊ शकत नाही.

माझा कल इथे उघड करतो. नावापासून सुरू करणाऱ्या उपपत्ती वाक्यापर्यंत पोचताना धापा टाकतात; कोणी तरी कोणाला तरी काही करायला सांगते आहे, इथून सुरू करणाऱ्या पुष्कळ लांब जातात. प्रभाकर आणि उत्तरकालीन विट्गेन्स्टाइन यांना पुढे जास्त पाने मिळाली आहेत ती त्यामुळे. तरीही ती जिना चढणारी निळी गाय कुमारिलांच्या दावणीलाच आहे. तिला तिथून सोडवून नेणारा अजून मला भेटलेला नाही.

बौद्धांचा अपोहवाद मी थोडक्यात आवरला आहे. दिङ्नागांच्या मते ‘गाय’ हा शब्द गायपणा नावाची कोणती वस्तू सांगत नाही. जे गाय नाही ते बाजूला सारतो. कुमारिलांनी हरकत घेतली: गाय कळल्याशिवाय ‘गाय नसलेले’ कळणार कसे? या हरकतीला धर्मकीर्तींपासून रत्नकीर्तींपर्यंत चार शतके उत्तरे दिली गेली आणि प्रत्येक उत्तरात सिद्धान्ताचे रूप बदलत गेले. तो इतिहास स्वतंत्र पुस्तकाचा आहे.

भर्तृहरींच्या बाबतीत मात्र हात आखडता घेता आला नाही. पाचव्या शतकातल्या वाक्यपदीयात ते शब्द आणि वाक्य यांचा वादच वरच्या पायरीवर नेतात. वाक्य अखंड आहे. त्याचे शब्द पाडणे ही शिकवण्याची सोय आहे, जशी शब्दाची प्रकृती आणि प्रत्यय पाडण्याची. एकामागून एक येणारे वर्ण नाहीसे होत जातात, मग अर्थ कळतो कशाने? त्या वर्णांनी उजळणाऱ्या एका अखंड स्फोटाने. कुमारिलांनी स्फोट खोडून काढला, मंडन मिश्रांनी ‘स्फोटसिद्धी’ लिहून तो परत उभा केला. या परंपरेतले शेवटचे मोठे नाव महाराष्ट्रातल्या काळे घराण्यातले: काशीला राहून लघुमञ्जूषा आणि परिभाषेन्दुशेखर लिहिणारे नागेश भट्ट. पुढे या अभ्यासाचे एक घर पुण्यात झाले. कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात शिकवत असताना परिभाषेन्दुशेखराचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणले. १९६५ मध्ये काशिनाथशास्त्री अभ्यंकर आणि आचार्य लिमये यांची वाक्यपदीयाची आवृत्ती पुणे विद्यापीठाने काढली. मराठी वाचकाला हा विषय परका वाटावा याला खरे तर काही कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात शब्दखंडन नावाचे सबंध प्रकरण आहे. शब्द विसरलेल्याची आठवण करून देतो म्हणून आधी त्याची भरपूर स्तुती होते, आणि मग जे कधी विसरलेलेच नाही तिथे तो काय करणार, असे विचारले जाते.

शेवटचे प्रकरण न बोललेल्या अर्थाचे आहे, आणि त्यातले मुख्य उदाहरण आपल्याच मातीतले. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. गोदावरीकाठच्या झाडीत एका स्त्रीचे भेटीचे ठिकाण आहे, आणि एक धार्मिक गृहस्थ तिथे रोज फिरकतो. ती त्याला सांगते, की आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा आज काठच्या झाडीतल्या सिंहाने मारला. शब्द म्हणतात जा, आणि कळते ते जाऊ नका. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ध्वन्यालोकात ही गाथा घेऊन दाखवले, की हा अर्थ वाच्यार्थही नाही आणि लक्षणेचाही नाही, तो व्यंजनेचा. अकराव्या शतकात महिमभट्टांनी व्यक्तिविवेकात विरोध केला: व्यंजना नावाची वेगळी शक्ती कशाला? सिंह आहे, भित्रा माणूस सिंहाजवळ जात नाही, म्हणून जाऊ नये. हे सरळ अनुमान आहे.

पॉल ग्राइसने १९६७ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत जे मांडले ते महिमभट्टांच्या बाजूला झुकते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी प्राध्यापक शिफारसपत्रात लिहितो, की त्याचे इंग्रजी उत्तम आणि हजेरी नियमित आहे. वाचणारा ओळखतो की मुलाला तत्त्वज्ञान येत नाही. ग्राइसच्या मते असा अर्थ पायरीपायरीने काढून दाखवता आला पाहिजे.

मम्मटांनी काव्यप्रकाशात महिमभट्टांना दिलेले उत्तर असे आहे. अनुमानाला पक्का हेतू लागतो, आणि इथे एकही हेतू पक्का नाही. गुरूची किंवा मालकाची आज्ञा असेल, प्रियेची ओढ असेल, तर भित्राही धोक्याच्या जागी जातो. उलट कुत्र्याच्या स्पर्शाला भिणारा माणूस शूर असला तर सिंहाला भीत नाही. आणि सिंह तिथे आहे, हे तरी कशावरून? तो कोणी पाहिलेला नाही. त्या बाईने सांगितले आहे, आणि बाईचा हेतू काय आहे हे तर आपल्याला ठाऊकच आहे. एवढे सगळे हेतू डळमळीत असूनही गाथा वाचणाऱ्याला अर्थ मात्र लख्ख कळतो.